वजनाचं जाकीट घालून चालायचंय? आधी गुडघ्यांचा हिशेब बघा

चिलखतासारखं दिसणारं काळं जाकीट चढवून पन्नाशीतल्या बायका झपाझप चालतायत आणि खाली लिहिलंय, 'हाडं मजबूत करा'. अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. या जाकिटाला वेटेड व्हेस्ट म्हणतात. त्यात वाळू, लोखंडी गोळ्या किंवा पट्ट्या भरलेल्या असतात. सैनिकी प्रशिक्षणात आणि क्रॉसफिट करणाऱ्यांमध्ये हा प्रकार जुनाच आहे. क्रॉसफिटच्या 'मर्फ' या गाजलेल्या वर्कआउटमध्ये 20 पौंडांचं, म्हणजे सुमारे 9 किलोचं जाकीट घालून धावणं, पुल-अप्स, पुश-अप्स आणि स्क्वॉट्स करतात. आता मात्र तेच जाकीट रजोनिवृत्तीच्या वयातल्या बायकांना हाडांच्या नावाने विकलं जातंय.

पण हाड वेगळं आणि सांधा वेगळा. रीलमध्ये बहुतेक वेळा हाडांबद्दलच बोललं जातं.

हाडांना खरंच फायदा होतो का?

हाडावर ताण आला की ते त्या ताणाला पेलेल असं स्वतःला घडवतं. जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच हे मांडलं होतं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. तेव्हा अंगावर वजन वाढवलं तर हाडं टिकतील, असा हा तर्क.

या तर्काला आधार देणारा एक अभ्यास 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगनमधून आला. रजोनिवृत्तीनंतरच्या काही बायकांनी पाच वर्षं वजनाचं जाकीट घालून आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. त्यांच्या खुब्याच्या हाडांची घनता टिकून राहिली. व्यायाम न करणाऱ्यांची मात्र घटली. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. दोन्ही गट मिळून बायका होत्या फक्त 18. शिवाय त्या नुसत्या चालत नव्हत्या, तर त्यांच्या व्यायामात उड्याही होत्या.

2025 मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये त्याहून मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठपणा असलेले 150 ज्येष्ठ होते, बहुतेक स्त्रिया. वर्षभरात सगळ्यांनी वजन कमी केलं. एका गटाने त्यासोबत दिवसातले बरेच तास वजनाचं जाकीट घातलं, दुसऱ्या गटाने वजनं उचलण्याचा व्यायाम केला. तरीही खुब्याच्या हाडांची घनता तिन्ही गटांत घटलीच. म्हणजे दिवसभर नुसतं जाकीट अंगावर वागवलं की हाडं वाचतात, असं म्हणता येत नाही.

गुडघ्यात काय घडतं?

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. बोलीभाषेत आपण 'गादी झिजली' म्हणतो, तेव्हा बहुतेकदा हेच आवरण झिजलेलं असतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळतं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की सुटते. स्पंजासारखी ही ये-जा तिला हवीच असते. त्यामुळे भार म्हणजे सांध्याचा शत्रू, हा समज चुकीचा आहे. बैठी माणसंच गुडघे धरून बसलेली दिसतात ती काही उगाच नाही.

अडचण भाराच्या मोजमापात आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून पाच रुग्णांमध्ये हा भार प्रत्यक्ष मोजला. सपाट रस्त्यावर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सरासरी अडीचपटीहून जास्त निघाला. जिना चढताना तिपटीच्या पुढे आणि उतरताना जवळपास साडेतीनपट. त्याच प्रमाणात धरलं, तर 5 किलोचं जाकीट चालताना गुडघ्याला साधारण 13 किलोचं आणि जिना उतरताना 17 किलोचं पडतं. तेही प्रत्येक पावलाला.

आणखी एक हिशेब बघा. गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थरायटिस असलेल्या वजनदार ज्येष्ठांवर 2005 मध्ये अभ्यास झाला. त्यात एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं दिसलं. म्हणूनच डॉक्टर अशा रुग्णांना आधी वजन उतरवायला सांगतात. कष्टाने 5 किलो उतरवायचे आणि मग तेवढेच विकत घेऊन छातीला बांधायचे, हे जरा विचित्रच नाही का?

मग कोणी घालावं, कोणी नाही?

गुडघे शाबूत असतील, रोज अर्धा-पाऊण तास चालण्याची सवय असेल, तर हलक्या जाकिटाने चालण्याची मेहनत वाढते आणि दमही जास्त लागतो. वेळ न वाढवता व्यायाम वाढवण्याचा हा सोपा मार्ग आहे. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात, सुजतात किंवा मांडी घालून उठताना अडतात, त्यांच्यासाठी मात्र हे जाकीट नाही. मणक्याचं हाड पूर्वी दबलेलं असेल किंवा ऑस्टिओपोरोसिस पुढच्या टप्प्यात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. इथे धोका गुडघ्याइतकाच पाठीलाही आहे. आणि 'आईला वाढदिवसाला देऊ' असा बेत असेल, तर आधी तिला जिना उतरताना काय होतं ते विचारा.

सुरुवात शरीराच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आत करावी. 60 किलोच्या व्यक्तीला म्हणजे 3 किलो पुष्कळ झाले. सहसा 10 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं सांगतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, सपाट जमिनीवर, 10-15 मिनिटं. आधी वेळ वाढवायचा, मग वजन. जाकीट अंगाला घट्ट बसलेलं हवं आणि वजन पुढे-मागे सारखं विभागलेलं. नाहीतर माणूस पुढे झुकून चालतो आणि कंबर धरते. धावणं आणि उड्या सुरुवातीला नकोतच.

दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून आल्या तर काळजी नाही, दोन दिवसांत उतरतं. पण दुखणं थेट सांध्यात असेल, गुडघा सुजला किंवा सकाळी पाय टेकवताना कळ आली, तर जाकीट काढून ठेवायचं आणि दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा घालायचं नाही. घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर फिरायला निघताना ते हातात घेऊन जिना उतरण्यातही अर्थ नाही, कारण गुडघ्याला तो भार तेवढाच पडतो. लिफ्ट नसेल तर जाकीट खाली वॉचमनकडे किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेलं बरं.