गाव करी ते राव न करी

परदेशी गेलेली मुले मायदेशाला विसरतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. मुलगा पैसे पाठवतो, सणासुदीला फोन करतो, दोन-तीन वर्षांनी महिनाभर राहून जातो. पण देशासाठी तो काय करतो? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगाव या आदिवासी गावाने दिले आहे.

त्याची सुरुवात १९९१ साली अमेरिकेत झाली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले रवी कुचिमंची तेव्हा मेरीलँड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधन करत होते. त्यांनी 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' अर्थात 'एड' ही संस्था सुरू केली.

स्वयंसेवकच कारभारी

पुढे अमेरिकेच्या अनेक शहरांत आणि विद्यापीठांत 'एड'च्या शाखा निघाल्या. त्या चालवणारे विद्यार्थी आणि नोकरदार या कामाचे मानधन घेत नाहीत. नोकरी-अभ्यास सांभाळून ते एकत्र जमतात, दिनदर्शिका विकतात, कार्यक्रम करतात आणि निधी उभारतात.

पण पैसे जमवण्यापेक्षा ते योग्य ठिकाणी देणे अवघड. काम कोण करणार, गावकऱ्यांना ते खरोखर हवे आहे का, आपण हात काढून घेतल्यावर ते टिकेल का, अशा प्रश्नांचा आधी खल होतो. सुटीत भारतात आलेला एखादा स्वयंसेवक वाकडी वाट करून त्या गावी जातो आणि काम डोळ्यांनी पाहतो. विद्यार्थी शिक्षण संपवून दुसऱ्या शहरी निघून जातात, म्हणून नेतृत्व एकाच्या हाती राहून चालत नाही. नव्या माणसाला तयार करणे हेही जुन्याचे कामच ठरते.

१९९८ मध्ये रवी आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री भारतात परतले. दुरून निधी पाठवणे आणि गावात राहून काम करणे यांतले अंतर त्यांना मिटवायचे होते.

धबधब्यातून दिवे

बिलगाव सातपुड्यात, उदई नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे नर्मदेला मिळते. गावाजवळ धबधबा होता, वीज मात्र नव्हती. केरळमधील 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'च्या अनिलकुमार आणि मधुसूदनन या अभियंत्यांनी धबधब्यावर छोटा जलविद्युत प्रकल्प उभारण्याची आखणी केली. खर्चाला 'एड'ने हातभार लावला आणि श्रम गावाने दिले.

नदीला छोटा बांध घालायचा, पाणी कालव्याने टाकीत आणायचे, तिथून उतरत्या नळातून खाली सोडायचे आणि त्या जोरावर जनित्र फिरवायचे, अशी ही योजना. जनित्र फिरवून झाले की पाणी पुन्हा नदीला मिळते. ना कुणाचे घर बुडत, ना शेत. दगड वाहणे, खोदकाम, बांधकाम यांत गावकऱ्यांचे सुमारे २,००० दिवसांचे श्रमदान लागले. २००३ मध्ये १५ किलोवॅटचा प्रकल्प सुरू झाला आणि बिलगावात दिवे लागले.

पडद्यावर आणि प्रत्यक्षात

आशुतोष गोवारीकर यांच्या २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटात अमेरिकेतून आलेला अभियंता गावकऱ्यांना हाताशी धरून पाण्यावर वीज तयार करतो. या प्रसंगावर बिलगावची छाया आहे. फरक मात्र मोठा आहे. पडद्यावर बाहेरून आलेला नायक गावाला जागे करतो. बिलगाव आधीच जागे होते. नर्मदा बचाओ आंदोलनामुळे या खोऱ्यातल्या गावांना सभा घेण्याची, एकत्र निर्णय करण्याची सवय जडली होती. म्हणूनच पाहुण्यांचे ज्ञान आणि पैसा तिथे रुजला. नुसता पैसा आला असता, तर एखादे यंत्र बसले असते आणि पहिल्या बिघाडाला बंद पडले असते.

घाव

हे सुख फार दिवस टिकले नाही. सरदार सरोवर धरणाची उंची वाढवण्यास २००६ साली परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बिलगावचा प्रकल्प पाण्याखाली गेला. गावाने घाम गाळून उभारलेली छोटी वीज मोठ्या धरणाच्या पाण्यात बुडाली! गावचा बांध गावकऱ्यांच्या हाती होता, धरणाची उंची नव्हती. निधी, तंत्र आणि श्रम एकत्र आले, तरी गावाबाहेर होणाऱ्या निर्णयांपुढे ते अपुरे पडू शकतात, हे इथे दिसले. अशा वेळी साथ देणाऱ्याची खरी परीक्षा होते. दिवा लागल्याचा फोटो काढून निघून जाणारा देणगीदार वेगळा आणि दिवा विझल्यावरही गावाच्या बाजूने उभा राहणारा वेगळा.

देण्यापूर्वी

आपल्याही कुटुंबातले कुणी परदेशातून असे काम करू इच्छित असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परदेशी निधी घेण्यासाठी इथल्या संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष काम कोण करणार, हे आधीच पाहावे लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र मानली जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गावात जाऊन आधी ऐकून घ्यावे. काय हवे ते गावाला ठरवू द्यावे, कोण किती देणार ते सर्वांसमोर बोलावे, हिशेब उघडा ठेवावा. रक्कम लहान असली तरी चालेल. बिलगावात पैसा बाहेरून आला, तंत्र केरळातून आले, पण बांधाचा दगड गावकऱ्यांनीच उचलला. म्हणून तो प्रकल्प पाण्याखाली जाईपर्यंत दुसऱ्या कुणाचा नव्हता, गावाचा होता.