साखर उतरली म्हणून गोळी सोडू नका

मधुमेहाची गोळी सुरू झाली आणि साखर उतरली, की पुष्कळजण म्हणतात, “झालं, आता कशाला गोळी?” चूक होते ती इथेच. साखर गोळीने आणि पथ्याने उतरलेली असते. दोन्ही सोडली की ती पुन्हा चढते. चढताना दुखत नाही, पण डोळे नि मूत्रपिंडे झिजतात. पायाची जाणीव कमी होते. मग वावरात पऱ्हाटीचा खुंट रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, प्रसंगी पाय कापावा लागतो.

ज्वारीची भाकर चांगली, पण तिचीही पोटात साखरच होते. तीन खात असाल तर दोन खा. वरण, पालेभाजी वाढवा. गूळ हा साखरेचाच भाऊ! वजन उतरलं तर औषध कमी होऊ शकतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. उपास धरण्याआधीही त्यांना विचारा.

सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेलं कस्तुरबा रुग्णालय आहे. १९६९ पासून तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या.

आणि गुरुजी, मुलांना एवढं सांगा : घरात आजोबांना मधुमेह असेल, तर रोज रात्री त्यांचे तळपाय दिव्याजवळ नीट पाहा.