मातीविना टोमॅटो

झाड वाढायला माती लागतेच, अशी आपली समजूत असते. वास्तविक मुळांना चार गोष्टी हव्या असतात: पाणी, त्यात विरघळलेली अन्नद्रव्ये, हवा आणि आधार. या चार गोष्टी दुसऱ्या मार्गाने पुरविल्या तर मातीवाचूनही पीक येते. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, पण उन्हाची गच्ची किंवा अंगण आहे, अशा कुटुंबांनी हे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

थोडा इतिहास

१८६० च्या सुमारास जर्मनीत यूलियस झाक्स यांनी क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखविली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात डब्ल्यू. एफ. गेरिक यांनी टाक्यांमध्ये टोमॅटो घेतले आणि १९३७ साली ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. मॉलिब्डेनम हे मूलद्रव्य वनस्पतीला आवश्यक असल्याचे १९३९ साली सिद्ध झाले, तेही द्रावणात वाढविलेल्या टोमॅटोवरच. आपल्या देशात जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमधील कालिम्पाँग येथे खडी व दगडाची भुकटी वापरून सामान्यांना परवडेल अशी पद्धत विकसित केली.

करावे कसे?

तळाला भोके असलेली, प्रकाश आत न जाणारी बादली घ्यावी. तीत नारळाच्या काथ्याचा स्वच्छ धुतलेला भुसा भरून एक रोप लावावे. दहा लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट सुमारे ११ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम व मोनोपोटॅशियम फॉस्फेट दीड ग्रॅम घालावे. लोह, बोरॉन, जस्त इत्यादींचे तयार मिश्रण पाकिटावरील प्रमाणात मिसळावे. कोवळ्या रोपाला निम्म्या ताकदीचे द्रावण पुरे.

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या पाण्यात विरघळवून शेवटी घालावे. घट्ट द्रावणे एकत्र केली तर पांढरा साका बसतो. ते अन्न मुळांना मिळत नाही. द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहा ठेवावा. दररोज थोडे द्रावण तळातून निथळेल इतके द्यावे, म्हणजे क्षार साचत नाहीत. पाणी कधी कमी, कधी जास्त झाले की फळाचा तळ काळा पडतो. फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचे ते लक्षण होय. वारा नसेल तर फुलांचे घोस सकाळी हलकेच हलवावेत.

सावधगिरी

हा जादूचा प्रयोग नव्हे. होगलंड व आर्नन यांनी १९३८ सालीच दाखवून दिले की, हवामान सारखे असेल तर सुपीक जमिनीपेक्षा द्रावणात विशेष अधिक उत्पन्न येत नाही. शिवाय माती चूक सांभाळून घेते, द्रावण घेत नाही. भर उन्हाळ्यात एक दिवस पंप बंद पडला तरी पीक माना टाकते. म्हणून दामदुप्पट नफ्याच्या जाहिराती वाचून कर्ज काढू नये. आधी चार बादल्यांवर हात बसवावा, खर्च आणि उत्पन्न वहीत लिहावे, मगच पुढचे पाऊल टाकावे.

विद्यार्थ्यांनी दोन बादल्या घेऊन एकीच्या द्रावणातून मॅग्नेशियम सल्फेट वगळून पाहावे. काही आठवड्यांत जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागेल. पुस्तकातील धडा डोळ्यांनी पाहिला की तो कधी विसरत नाही.