दाखल्यांतून इंग्रजी



इस्लामपूरच्या आमच्या संध्याकाळच्या वर्गाविषयी अनेकांनी विचारणा केली आहे. "मोठ्या माणसांना पवित्र शास्त्रावरून इंग्रजी शिकवता, म्हणजे नक्की काय करता?" असा बहुतेकांचा प्रश्न असतो. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि तीन वर्षांपासून हा वर्ग घेते. आमच्या चुकांसकट सगळी पद्धत इथे सांगते. कुणाला आपल्या मंडळीत असा वर्ग सुरू करायचा असेल तर उपयोग होईल.

वर्ग आठवड्यातून दोन दिवस, दिवेलागणीनंतर भरतो. मंडळीतल्या काही बहिणी येतात, ऊसतोडीचा हंगाम संपला की त्या कामातली दोन-तीन माणसे येतात आणि गावाबाहेर पालात राहणाऱ्या फासेपारधी कुटुंबांतली पाच जण येतात. कुणाला मोबाईलवरचा मेसेज वाचायचा असतो, कुणाला बँकेचा फॉर्म, कुणाला नातवाच्या शाळेची डायरी.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. मी म्हणाले, "आज आपण एक दाखला वाचू." मागे बसलेला एक पारधी तरुण चटकन म्हणाला, "बाई, जातीचा दाखला का? त्याच्यासाठीच तर दोन वर्षं हेलपाटे घालतोय." सगळे हसले, मीही हसले. पण त्याला कुठला दाखला हवा आहे हे त्या दिवशी मला कळले. तेव्हापासून प्रत्येक धड्याच्या शेवटी कचेरीतला, दवाखान्यातला किंवा दुकानातला एखादा कागद वाचायचाच, असा नियम केला.

आता पद्धत. मोठ्या माणसाला नवी भाषा शिकताना दोन ओझी एकदम उचलावी लागतात. शब्द नवे असतात आणि मजकूरही नवा असतो. गोष्ट आधीच ओळखीची असेल तर एक ओझे उतरते. म्हणून मी आधी दाखला मराठीत सांगते आणि मग त्यांच्याकडून त्यांच्या बोलीत परत सांगून घेते. मंडळीतल्या बहिणींना तो पाठच असतो. बाकीच्यांना मेंढरू हरवणे किंवा वाटेवर पडलेले बी पाखरांनी टिपणे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या भागात मेंढरे घेऊन फिरणारी माणसे रोज दिसतात. इंग्रजी त्यानंतर येते.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही सर्वांत आधी घेतो. त्यात शंभर, नव्याण्णव आणि एक हे आकडे आहेत. 'लॉस्ट' आणि 'फाउंड' ही जोडी आहे. शिवाय मराठी माणसाला कायम छळणारे 'अ' आणि 'द' त्यात आपोआप उलगडतात. आपणही गोष्ट सांगताना "एक मेंढपाळ होता" अशी सुरुवात करतो आणि पुढे "त्या मेंढपाळाने" म्हणतो. पहिल्यांदा भेटला तेव्हा 'अ', ओळख झाल्यावर 'द'. शाळेत मी हा नियम वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला, पण इतक्या लवकर तो कुणाला समजला नव्हता.

मग शब्दांच्या चिठ्ठ्या करतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येते. चिठ्ठ्या जमिनीवर मांडून क्रियापदाची चिठ्ठी हाताने उचलून पुढे ठेवायची. एकदा हाताला सवय लागली की जिभेलाही लागते. शेवटी प्रत्येकाने मेंढराच्या जागी स्वतःची हरवलेली वस्तू घालून वाक्य करायचे. शेळी, मोबाईल, पैंजण, रेशनकार्ड. हा टप्पा सोडू नये. तो सोडला तर माणसे वचन पाठ करतात, पण इंग्रजी येत नाही.

नावांचाही फार उपयोग होतो. आपल्या मराठी शास्त्रात जिथे 'य' आहे तिथे इंग्रजीत बहुधा 'ज' येतो. येशू म्हणजे जीझस, योहान म्हणजे जॉन, योसेफ म्हणजे जोसेफ, योना म्हणजे जोना, यार्देन म्हणजे जॉर्डन, यरुशलेम म्हणजे जेरुसलेम. ही यादी फळ्यावर मांडली की मंडळीतल्या बहिणी पुढची नावे स्वतःच ओळखू लागतात. फक्त याकोब जपून घ्यावा. जुन्या करारातला याकोब इंग्रजीत जेकब होतो आणि नव्या करारातला प्रेषित याकोब जेम्स होतो.

एक चूक मीही आयुष्यभर करत होते. मेंढपाळ या शब्दाचा उच्चार मी 'शेफर्ड' करायचे. मुळात तो 'शीप' आणि 'हर्ड', म्हणजे मेंढरू आणि कळप राखणारा, असा जोडशब्द आहे. म्हणून त्यातला 'प' आणि 'ह' मिळून 'फ' होत नाही. उच्चार 'शेपर्ड' असा आहे.

शास्त्राची प्रत कोणती घ्यावी, यात मी पहिल्या वर्षी मोठी चूक केली. घरात वडिलांची जुनी इंग्रजी प्रत होती, तीच वर्गात आणली. ते भाषांतर १६११ सालचे. भाषा भारदस्त, पण आज कुणी तशी बोलत नाही. आमचा एक विद्यार्थी पेठ नाक्याजवळच्या एका हॉटेलात काम करायचा. त्याने गिऱ्हाइकाला 'यू' म्हणायच्या जागी 'दाऊ' म्हटले. गिऱ्हाईक हसले, मालक हसला, आणि तो मुलगा महिनाभर वर्गाला आला नाही. दोष त्याचा नव्हता, माझा होता. मी त्याच्या घरी जाऊन तसे सांगितले, तेव्हा तो परत आला.

सोप्या प्रती मिळतात. 'बेसिक इंग्लिश' मधले संपूर्ण बायबल १९४९ साली निघाले. ते जेमतेम हजार शब्दांत बसवले आहे. 'गुड न्यूज' बायबल १९७६ साली पूर्ण झाले. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा नाही त्यांनाही ते समजावे, असा त्यामागे हेतू होता. आम्ही ही दोन्ही वापरतो. सोप्या भाषेत वचन कमी पवित्र होते असे कुणाला वाटत असेल, तर पंडिता रमाबाईंची आठवण करावी. साध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत भाषांतर केले.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या वर्गात एक पारधी मावशी येतात. खरजेवर अंगाला लावायचे औषध त्यांनी खोकल्याचे समजून नातवाला पाजले होते. बाटली तेवढीच, रंगही तसाच, आणि सूचना इंग्रजीत. पोराला उलट्या झाल्या, रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले. देवाच्या दयेने ते वाचले. दुसऱ्या आठवड्यात मावशी वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, विंग्रजी शिकायला देव बदलावा लागंल का?"

मी "नाही" म्हणाले. पण त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. त्यांच्या विचारण्याला कारण आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी 'सेटलमेंट' उभारल्या आणि सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ मिशनकडे होता. तिथल्या मिशनऱ्यांनी शाळा चालवल्या, कामे शिकवली, हे खरे. पण कुंपणही होतेच. कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी लोकांची नजर अजून बदललेली नाही. अशा माणसाला शिक्षणाच्या बदल्यात काहीतरी मागितले जाईल अशी शंका येणारच.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, धडा शास्त्रातला आहे हे पहिल्याच दिवशी उघड सांगायचे. दोन, ज्याला नको असेल त्याला त्याच वेळी दुसरा मजकूर द्यायचा, एसटीचे वेळापत्रक किंवा औषधाचे पाकीट. तीन, वर्गाला प्रार्थना जोडायची नाही. उपासना रविवारी आहे आणि दार उघडे आहे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले, "मग यातून किती जण विश्वासात आले, हे लिहायचे कसे?" मी म्हणाले, "ते आपण लिहायचे नाही. पेरणे आपले काम, मोजणे आपले नाही."

मावशींनी मात्र दुसरा मजकूर मागितला नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही चार संध्याकाळी घेतला. लुटलेला माणूस, बाजूने निघून गेलेला याजक, मग लेवी, आणि शेवटी थांबलेला शोमरोनी. शोमरोनी कोण, हे मी समजावत होते. यहुदी लोक त्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या सावलीलाही... एवढ्यात मावशी म्हणाल्या, "म्हंजी त्यो पारधीच म्हणा की." वर्ग गप्प झाला. पुष्कळ वर्षे या दाखल्यावर उपदेश ऐकले, पण इतके नेमके कुणी सांगितले नव्हते.

त्या धड्यात जखम, तेल, ओतणे, पट्टी बांधणे हे शब्द येतात. तेल जखमेवर ओतले, तोंडात नाही. पुढच्या वर्गाला सगळ्यांनी घरातल्या औषधाच्या बाटल्या आणल्या आणि आम्ही 'एक्स्टर्नल', 'ओरल', 'आफ्टर फूड' आणि मुदतीची तारीख वाचायला शिकलो. मावशींनी आणलेल्या चार बाटल्यांपैकी एकीवर 'एक्स्टर्नल' होते. ते त्यांनी बोटाने अक्षर अक्षर लावून वाचले. मग माझ्याकडून लाल रंग मागून घेतला आणि त्या बाटलीवर स्वतःच्या हाताने मोठी फुली काढली.

हाच रस्ता उलट्या दिशेनेही चालला आहे. विल्यम कॅरी यांनी बंगालमध्ये राहून मराठी शिकून घेतली, १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ साली नवा करार मराठीत आणला. त्या काळी परदेशी माणसाने आपल्या भाषेसाठी कष्ट घेतले. आज मावशी त्याच गोष्टींवरून त्याची भाषा शिकतात.

तुमच्याकडे असा वर्ग सुरू करायचा असेल तर फार काही लागत नाही. एक खोली, फळा, सोपी प्रत, चिठ्ठ्यांसाठी जुनी कॅलेंडरे आणि वाचनाचे चष्मे. चष्मे विसरू नका. आमच्याकडे दोघींना आपण 'ढ' आहोत असे वाटत होते. त्यांना अक्षर दिसतच नव्हते.

प्रार्थनेत आठवण ठेवा: ऊसतोडीला गेलेल्यांचा वर्ग मधेच तुटतो, ते परत यावेत म्हणून, त्या तरुणाला त्याचा जातीचा दाखला मिळावा म्हणून, आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी दिलेला शब्द पाळावा म्हणून. घरात वापरात नसलेले वाचनाचे चष्मे असतील तर मंडळीच्या कचेरीत जरूर द्या.

तुमची ख्रिस्तातील बहीण,
संध्याकाळच्या वर्गाच्या बाई, इस्लामपूर