मेंढ्याची सभा

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा लागतं. शंभरेक घरांचं गोंड गाव. पंचायत शेजारच्या लेख्याची, म्हणून कागदोपत्री नाव मेंढा-लेखा. भोवती बांबूचं रान. पूर्वी हा बांबू सरकारी करारानं कागद कारखान्याला जायचा आणि गावाच्या हाती तोडणीची मजुरी तेवढी पडायची. रान दाराशी आणि दारिद्र्य घरात, अशी ही गत होती.

ती पालटली ग्रामसभेनं. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांच्या विरोधात आदिवासी एकवटले, त्या लढ्यातून गावाला आपल्या बळाची ओळख झाली. 'मावा नाटे माटे सरकार', म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तेव्हापासूनची. गावातले देवाजी तोफा पुढे झाले. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल अभ्यासासाठी आले आणि गावाचे सोबती झाले.

सभेचा नियम एकच: निर्णय सर्वसहमतीनं. हात वर करून मोजणी नाही. एकाचीही हरकत असली तर विषय पुढच्या सभेवर जातो. त्याच्या जोडीला अभ्यासगट. तिथं कायदा, जंगल, हिशेब यांवर जाणत्यांना बोलावून चर्चा होते, निर्णय मात्र होत नाही. तो सभेतच. समजून घेण्याची आणि ठरवण्याची जागा अशी वेगळी ठेवल्यामुळे बोलक्या माणसाचं मत गावाच्या गळी उतरवलं जात नाही.

या सवयीचा कस लागला तो वनहक्क कायद्यानं. २००६ च्या या कायद्यानं बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावानं गोळा करून विकायचं रानातलं उत्पन्न, मानलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. गाव अडून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हवाली केलं. पुढच्या हंगामात बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. मजुरी गावानं ठरवली, खरेदीदार गावानं निवडला, पैसा गावाच्या खात्यात आला.

२०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचा मार्ग धरला. जमीन ग्रामसभेच्या नावे. कसायची ज्यानं त्यानं, पण बाहेरच्याला परस्पर विकायची नाही. अडल्यानडल्याची जमीन सावकाराच्या घशात जाण्याची वाटच त्यानं बंद होते.

गरिबी हटवायची म्हणून गावोगाव योजना येतात, लाभार्थ्यांच्या याद्या होतात. मेंढ्यानं आधी बसायला शिकून घेतलं: एकत्र, गोलात, सगळ्यांचं पटेपर्यंत. वेळ लागतो खरा. पण परवान्याच्या पुस्तकासाठी दोन वर्षं न डगमगता थांबण्याचं बळ त्याच बसण्यातून आलं, कारण तो निर्णय मनाविरुद्ध कुणीच घेतलेला नव्हता.