विश्लेषण : ओढण्याची ताकद की रोजचा ॲव्हरेज? अमेरिकेत पिकअप घेताना हिशेब कसा मांडायचा?

आपल्याकडे पिकअप म्हटले की पहाटे भाजी, दूध किंवा सिमेंटची पोती घेऊन जाणारी मालवाहू गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र पिकअप ही घरची गाडी आहे. कार्यालय, मुलांची शाळा आणि किराणा अशा सगळ्या फेऱ्या तिच्यातूनच होतात. फोर्डची ‘एफ’ मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. मात्र या गाड्या विकल्या जातात त्या ओढण्याच्या ताकदीच्या जाहिरातीवर. बोट, घोड्यांचा ट्रेलर किंवा चाकांवरचे फिरते घर मागे जोडून डोंगर चढणारा ट्रक टीव्हीवर दिसतो आणि ग्राहक सर्वांत मोठ्या आकड्याकडे झुकतो. त्या आकड्याची किंमत पुढे दर आठवड्याला पेट्रोल पंपावर मोजावी लागते. उलट चूक झाली, म्हणजे गाडी लहान आणि ट्रेलर जड, तर प्रश्न जिवावर बेतू शकतो.

प्रत्यक्षात किती जण ओझे ओढतात?

स्ट्रॅटेजिक व्हिजन या ग्राहक सर्वेक्षण संस्थेची आकडेवारी ‘ॲक्सिओस’ या वृत्तसंकेतस्थळाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केली होती. तीनुसार, फोर्ड एफ-१५० बाळगणाऱ्यांपैकी साधारण तीनपैकी दोन जण क्वचितच ट्रेलर ओढतात किंवा कधीच ओढत नाहीत. खरेदी आणि छोटी-मोठी कामे यांसाठी मात्र बहुतेक जण ती नियमित वापरतात. म्हणजे ज्या क्षमतेसाठी जास्त पैसे मोजले, ती बहुतेकांच्या दारात नुसती उभी असते. अर्थात, उरलेल्या एक तृतीयांशांसाठी हीच क्षमता गरजेची आहे. म्हणून खरा प्रश्न ‘कोणता ट्रक चांगला’ हा नसून ‘वर्षातून किती मैल, किती वजन ओढायचे’ हा आहे.

क्षमता आणि ॲव्हरेज यांचे आकडे काय सांगतात?

२०२१ च्या एफ-१५० चे उदाहरण घेऊ. एकाच ट्रकमध्ये अनेक इंजिने मिळत होती. २.७ लिटरचे टर्बो इंजिन कमाल १०,१०० पौंड, म्हणजे सुमारे ४,६०० किलो ओढू शकत होते. ३.५ लिटरच्या टर्बो इंजिनाची कमाल क्षमता १४,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो होती. हायब्रिडची क्षमता १२,७०० पौंड होती. मागच्या दोन चाकांना गती देणाऱ्या प्रकारात सरकारी चाचणीतला एकत्रित ॲव्हरेज अनुक्रमे गॅलनला २२, २० आणि २५ मैल होता. आपल्या भाषेत लिटरला साधारण ९.४, ८.५ आणि १०.६ किलोमीटर.

आता लहान पिकअप पाहा. २०२२ च्या फोर्ड मॅव्हरिक हायब्रिडचा एकत्रित ॲव्हरेज गॅलनला ३७ मैल, म्हणजे लिटरला १५.७ किलोमीटर होता. ओढण्याची क्षमता मात्र अवघी २,००० पौंड, म्हणजे ९०० किलोच्या आसपास. त्याच गाडीत टर्बो इंजिन, चारही चाकांना गती आणि टोइंगचे खास पॅकेज घेतले तर क्षमता ४,००० पौंडांवर जात होती, पण ॲव्हरेज २५ मैलांपर्यंत उतरत होता.

पैशांत हा फरक किती?

अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्था गाडीच्या काचेवरील लेबलसाठी वर्षाला १५,००० मैल प्रवास गृहीत धरते. त्यानुसार २० मैल देणारा ट्रक वर्षाला ७५० गॅलन पेट्रोल पितो, २२ मैलांचा सुमारे ६८२, २५ मैलांचा ६०० आणि ३७ मैलांचा सुमारे ४०५ गॅलन. हिशेबाच्या सोयीसाठी गॅलनला ३ डॉलर दर धरला, तर मोठ्या आणि लहान टर्बो इंजिनातला फरक वर्षाला जेमतेम २०० डॉलर होतो. हायब्रिड घेतल्यास मोठ्या टर्बोच्या तुलनेत ४५० डॉलर वाचतात. लहान पिकअप घेतल्यास मात्र वर्षाला हजार डॉलरहून अधिक, दहा वर्षांत दहा हजारांहून अधिक बचत होते. याचा अर्थ, एकाच ट्रकमधल्या इंजिनांवर डोके खाजवण्यापेक्षा मुळात ट्रकचा आकार किती हवा, हा निर्णय खिशासाठी अधिक महत्त्वाचा.

इथे आणखी एक फसवा भाग आहे. ॲव्हरेजमधली वाढ आणि पेट्रोलची बचत यांचे प्रमाण सरळ नसते. दहा हजार मैलांच्या प्रवासात १० वरून १२ मैलांवर गेल्यास १६७ गॅलन वाचतात. २५ वरून ३० वर गेल्यास फक्त ६७. म्हणजे जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाडीत एक-दोन मैलांची सुधारणाही मोठी असते. म्हणूनच २०१३ च्या मॉडेलपासून लेबलवर दर १०० मैलांना किती गॅलन लागतात, हेही छापले जाते. तुलना करताना तोच आकडा पाहणे योग्य.

ट्रेलर जोडल्यावर ॲव्हरेज का कोसळतो?

वजन हे एक कारण. चढावर आणि प्रत्येक वेळी वेग घेताना ते जाणवते. सपाट महामार्गावर मात्र मुख्य शत्रू हवा असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६५ मैलांऐवजी ७५ मैलांनी गाडी हाकली तर हा विरोध सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. फिरत्या घराची उंच, सपाट भिंत ट्रकच्या मागून हवेत घुसते, तेव्हा ॲव्हरेज निम्म्यावर येणे हे नेहमीचेच. त्याच वजनाची बुटकी, निमुळती बोट तुलनेने कमी पेट्रोल खाते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. तिचा हेतू सुरक्षिततेचा असला, तरी पेट्रोलही आपोआप वाचते.

टर्बो इंजिनांचीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रिकाम्या ट्रकमध्ये लहान टर्बो इंजिन कमी पेट्रोलमध्ये काम भागवते. ओझे आले की टर्बो सतत जोर लावतो आणि इंजिन थंड राखण्यासाठी जादा पेट्रोलही सोडले जाते. त्यामुळे लेबलवरचा फायदा ट्रेलरमागे बराचसा विरून जातो. शिवाय सरकारी चाचणी ट्रेलरविना होते. ओढताना किती ॲव्हरेज मिळेल, हे लेबल सांगतच नाही. त्याहून मोठ्या, एकूण वजनमर्यादा ८,५०० पौंडांहून अधिक असलेल्या अवजड पिकअपना तर हे लेबलच लागू नाही. त्यांचा ॲव्हरेज ग्राहकाला स्वतःच शोधावा लागतो.

जाहिरातीतला कमाल आकडा कसा ठरतो?

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने क्षमता जाहीर करत असे. आता ‘एसएई जे-२८०७’ हे सामाईक मानक आहे. टोयोटाने टुंड्रासाठी ते सर्वांत आधी स्वीकारले आणि नंतर फोर्ड, जीएम व रॅम यांनीही. ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे ११.४ मैलांचा खडा चढ हा या मानकाचा कस. तळपत्या उन्हात, वातानुकूलन पूर्ण सुरू ठेवून, ट्रेलरसह ताशी किमान ४० मैलांचा वेग राखत तो चढावा लागतो. पिकअपने ट्रेलरसह शून्यावरून ताशी ६० मैलांचा वेग ३० सेकंदांत गाठणेही अपेक्षित असते.

म्हणजे आकडा खोटा नसतो. पण तो ठरावीक केबिन, ठरावीक लांबीचा हौदा, विशिष्ट ॲक्सल गुणोत्तर आणि टोइंग पॅकेज असलेल्या ट्रकचा असतो. चाचणीत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरली जातात. चार माणसे, कुत्रा आणि आठवडाभराचे सामान त्यात नसते.

मग घरच्या वापरात खरी मर्यादा कोणती?

बहुतेकांची गाडी टोइंगच्या आकड्याआधीच ‘पेलोड’वर अडकते. पेलोड म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर त्या विशिष्ट गाडीचा हा आकडा छापलेला असतो. ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा भार ट्रकच्या हिचवर येतो आणि तोही पेलोडमध्येच मोजला जातो. हा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा नियम आहे. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. ट्रेलरचेही तसेच: दांडीवर भार कमी पडला तर तो वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि ट्रकलाही खेचून नेतो.

समजा स्टिकरवर पेलोड १,५०० पौंड आहे. चार जणांचे कुटुंब ६०० पौंड, सामान १५० पौंड. उरले ७५०. दांडीवर १२ टक्के भार धरला तर ट्रेलर ६,२५० पौंडांचाच हवा. कागदावर ११ हजार पौंड ओढू शकणारा ट्रक त्या कुटुंबासाठी सहा हजारांचाच राहतो. वरच्या श्रेणीतील ट्रकमध्ये सनरूफ, विजेवर हलणाऱ्या सीट आणि मोठी चाके आली की ट्रकचे स्वतःचे वजन वाढते आणि पेलोड आणखी घटतो. त्यामुळे महागडा ट्रक अनेकदा साध्या ट्रकपेक्षा कमी वजन पेलतो.

ॲक्सल गुणोत्तराचा काय संबंध?

ट्रकच्या यादीत ३.३१, ३.५५, ३.७३ असे आकडे दिसतात. चाक एकदा फिरण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो, हे त्यातून कळते. आकडा मोठा तर ओढ जास्त, पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जास्त आणि रोजचा ॲव्हरेज थोडा कमी. हल्लीच्या दहा गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्समुळे हा फरक पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. महिन्यातून दोनदा ट्रेलर ओढणाऱ्याने मोठा आकडा घ्यावा; वर्षातून एकदा ओढणाऱ्याला मधला पुरतो.

हायब्रिड, डिझेल, विजेवरचा ट्रक यांचे गणित काय?

हायब्रिडचा फायदा शहरात, थांबत-सुटत चालताना सर्वाधिक. वर्षातल्या १५,००० मैलांपैकी १,००० मैल ट्रेलरसह आणि दोन्ही प्रकारांत तेव्हा ॲव्हरेज १० मैल धरला, तर २५ मैलांचा हायब्रिड २० मैलांच्या ट्रकपेक्षा १४० गॅलन वाचवतो. तेच ८,००० मैल ट्रेलरसह असतील तर बचत ७० गॅलनवर येते. जितके अधिक ओढाल, तितका हायब्रिडचा जादा दाम वसूल व्हायला उशीर.

लांब पल्ल्यावर सतत ओढणाऱ्यांना डिझेल परवडते, कारण कमी फेऱ्यांतच भरपूर टॉर्क मिळतो आणि ओझ्याखाली ॲव्हरेज कमी घसरतो. मात्र महाग इंजिन, धूर शुद्ध करणारा द्रव आणि देखभाल हा खर्च धरावा लागतो.

विजेवरचे ट्रक ताकदीत कमी नाहीत. २०२२ च्या एफ-१५० लाइटनिंगची कमाल क्षमता १०,००० पौंड होती आणि मोठ्या बॅटरीसह पल्ला ३२० मैलांपर्यंत. पण उंच ट्रेलर जोडला की पल्ला निम्म्यावर येतो. चार्जिंगच्या जागी ट्रेलरसह उभे राहता येत नसेल, तर तो आधी सोडावा लागतो.

लहान पिकअपचे पर्याय इतके कमी का?

परदेशातून येणाऱ्या पिकअपवर अमेरिकेत १९६४ पासून २५ टक्के आयातकर आहे. युरोपशी कोंबडीच्या मांसावरून झालेल्या व्यापारवादातून तो आला, म्हणून त्याला ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. त्यामुळे परदेशी बनावटीचे स्वस्त, लहान पिकअप तिथे फारसे पोहोचले नाहीत. शिवाय इंधन कार्यक्षमतेचे नियम गाडीच्या चाकांमधील क्षेत्रफळावर ठरतात. मोठ्या ट्रकला सैल उद्दिष्ट मिळते. २०२५ च्या कायद्याने हे नियम मोडल्याचा दंडही शून्यावर आणला. त्यामुळे पेट्रोल वाचवण्याचा विचार आता ग्राहकालाच अधिक करावा लागेल.

निर्णय कसा घ्यावा?

आधी ट्रेलरचे भरलेले वजन काढावे. रिकाम्या वजनावर विसंबू नये. दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामा ३,००० पौंडांचा असला, तरी घोडे आणि चारा मिळून पाच हजारांवर जातो. मग दांडीचा भार आणि घरातल्यांचे वजन त्या गाडीच्या स्टिकरशी ताडून पाहावे. त्यात बसणारा सर्वांत लहान ट्रक निवडावा आणि क्षमतेत थोडी मोकळीक ठेवावी. जेमतेम बसणाऱ्या गाडीला चढावर आणि ब्रेक लावताना कसरत करावी लागते. ओझे वर्षातून एक-दोनदाच असेल, तर रोजसाठी लहान गाडी ठेवून त्या दिवसांपुरता मोठा ट्रक भाड्याने घेणे स्वस्त पडते. मात्र सर्वच भाडे कंपन्या ट्रेलर जोडू देत नाहीत. ती अट करारावर सही करण्याआधी वाचून घ्यावी.