हॉलसँड्सची हरवलेली पुळण

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, किंग्जब्रिजच्या पेठेकडून येणारी वाट दोन्ही बाजूंच्या उंच, झाडीने माखलेल्या बांधांमधून अरुंद होत होत अखेर एका कड्याच्या माथ्यावर येऊन थबकते. आणि तेथून खाली पाहिले म्हणजे खडकाच्या चिंचोळ्या पट्टीवर काही पडक्या भिंती, एखादी धुराड्याची खूण आणि दाराच्या चौकटीएवढे रिकामे भगदाड, एवढेच हॉलसँड्सचे अवशेष नजरेस पडतात. 1891 साली येथे 37 घरे आणि 159 माणसे होती, गोड्या पाण्याचा झरा होता, आणि संध्याकाळी मच्छीमार जमत ते 'लंडन इन' नावाचे पानगृहही होते. गावासमोरच्या उपसागराच्या उत्तरेकडील स्लॅप्टनच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजांनी नॉर्मंडीच्या स्वारीची रंगीत तालीम केली, त्यामुळे प्रवासी तिकडे थांबतात. हॉलसँड्सपर्यंत येणारे थोडे.

गावाची सारी उपजीविका समुद्रावर होती. खेकडे व शेवंडे धरण्यासाठी लागणाऱ्या टोपल्या विलोच्या लवचीक फांद्यांपासून घरोघरी विणल्या जात, आणि बोयांचा थवा किनाऱ्याजवळ आला की रापण ओढण्यासाठी स्त्रीपुरुष सारेच पुळणीवर उतरत. येथील न्यूफाउंडलंड जातीच्या कुत्र्यांची हकीगत मला फार हृद्य वाटली. किनाऱ्यावर लाटा फुटत असताना होडी जवळ आणणे अवघड झाले म्हणजे हे धिप्पाड, दाट केसांचे कुत्रे फेसाळ पाण्यात उडी घेऊन होडीपर्यंत पोहत जात, दोराचे टोक दातांत धरून परत येत, आणि मग तो दोर ओढून होडी वर घेतली जाई.

या जीवनक्रमाचा आधार म्हणजे घरांसमोरची पुळण. ती वाळूची नव्हे, बहुतांशी गारगोट्यांची. आणि हे गोटे जवळच्या कड्यांतून झडलेले नव्हेत, कारण त्या कड्यांचा दगडच निराळ्या जातीचा आहे. हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी वाढत गेली तेव्हा लाटांनी तळावरचे गोटे रेटत रेटत येथे आणून टाकले, आणि ती आवक पुढे आटली. पूर्वेच्या वाऱ्याने एखाद्या हिवाळ्यात काही भाग वाहून जाई व पुढे परत येई, पण एकंदर साठा तोच राही. उधाणाच्या लाटा या उंच बांधावर आपटून शक्तिहीन होत, आणि मागची घरे सुखरूप असत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आरमाराने प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्ट येथील कीहॅमच्या गोदीचा विस्तार करण्याचे ठरवले, आणि तेथील काँक्रीटसाठी लागणाऱ्या रेती-गोट्यांचा प्रश्न निघाला. मक्तेदार होते सर जॉन जॅक्सन. बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याने त्यांना हॉलसँड्स व शेजारचे बीसँड्स गाव यांच्या दरम्यान समुद्रतळ उपसण्याचा परवाना दिला, आणि 1897 च्या एप्रिलात उपसणारी यंत्रे गावासमोर उभी राहिली. दिवसाला 1,600 टनांपर्यंत माल उचलला जाई. गावकऱ्यांनी तक्रार केली, चौकशी झाली, आणि काढलेल्या मालाची भर समुद्र आपोआप घालील असा निर्वाळा मिळून काम चालू राहिले.

भर आली नाही. समुद्रतळावर पडलेले खड्डे भरण्यासाठी पुळणच खाली सरकू लागली. 1900 च्या नोव्हेंबरात गावाने आपल्या पार्लमेंट सभासदाकडे अर्ज केला. पुढच्या मार्चमध्ये किंग्जब्रिजच्या ग्रामीण मंडळाने रस्ता खचत असल्याबद्दल खात्यास लिहिले. सप्टेंबरात आलेल्या नव्या निरीक्षकाने उपसा थांबवण्याची शिफारस केली. आणि 8 जानेवारी 1902 रोजी परवाना रद्द झाला. तोवर सुमारे साडेसहा लाख टन गोटे कीहॅमकडे गेले होते. पुढच्या वादळांत काही घरे पडली, तेव्हा काँक्रीटची भिंत बांधून देण्यात आली. भिंतीवर विसंबून गाव आणखी काही वर्षे तेथेच राहिले, आणि त्याबद्दल त्यास दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्याची होडी, टोपल्या आणि वाडवडिलांचे घर एकाच ठिकाणी आहे, त्याने जायचे तरी कोठे?

26 जानेवारी 1917 च्या रात्री पूर्वेचे वादळ आणि असाधारण मोठी भरती एकत्र आली. लाटा भिंतीवरून थेट छपरांवर कोसळू लागल्या; अंधारात माणसे मुलाबाळांना घेऊन कड्यावर चढली आणि सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. वर्ष संपेपर्यंत राहण्याजोगे एकच घर उरले. त्या घरात एलिझाबेथ प्रेटीजॉन नावाची बाई आपल्या कोंबड्यांसह 1964 मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिली.

मात्र माझे मन गुंतले ते याच गावच्या ट्राउट भगिनींत. वडिलांच्या मागे पेशन्स आणि एला या बहिणींनी त्यांची होडी हाती घेतली आणि खेकड्यांच्या टोपल्या स्वतः टाकल्या व ओढल्या. त्या काळी त्या किनाऱ्यावर हे स्त्रियांचे काम समजले जात नसे. गाव उद्ध्वस्त झाले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, दहा वर्षांच्या चुलत भावाला बरोबर घेऊन मासेमारीस गेलेल्या एलाला स्टार्ट पॉइंट या भूशिराजवळ एक जहाज पाणसुरुंगाने फुटताना दिसले. समुद्रात आणखी सुरुंग असण्याचा धोका असताना ती वल्ही मारीत तेथे पोचली आणि बुडत्या खलाशांना वाचवण्यात तिने भाग घेतला. सरकारने तिला ओबीई हा किताब देऊन गौरविले. पुढे याच बहिणींनी कड्याच्या माथ्यावर एक उपाहारगृह-निवास उभारला, बांधकामाच्या कष्टांत स्वतः हात घातला, आणि 1959 पर्यंत तो चालवला. ज्या सरकारच्या परवान्याने घर गेले त्याच सरकारचे पदक जिच्या छातीवर लागले, त्या मुलीच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर बराच वेळ करीत होतो.

नुकसानभरपाईसाठी गावाला सात वर्षे झगडावे लागले. 1917 च्या नाशानंतर झालेल्या चौकशीचा अहवालही दीर्घकाळ गोपनीय राहिला, आणि लोकांना तो पाहायला मिळाला तेव्हा त्या रात्री धावणारी बहुतेक माणसे हयात नव्हती. या दिरंगाईला मी अक्षम्य म्हणतो. समुद्राच्या कोपाची कथा सांगणे सोपे असते, आणि वृत्तपत्रांतून हॉलसँड्सची ओळख तशीच करून दिली जाते. परंतु ज्या अर्जांनी आणि पत्रांनी धोक्याची सूचना वेळेवर दिली होती, ती कागदपत्रे वादळाच्या छायाचित्रांइतकीच ठळकपणे येथे वाचायला मिळावीत असे मला वाटते.

आता अवशेषांपर्यंत उतरता येत नाही. कड्याची माती ढासळते. 2012 साली वरचा रस्ताही खचला, आणि पाहणाऱ्यास दुरूनच समाधान मानावे लागते. बीसँड्सला भेटलेल्या एका वृद्ध मच्छीमाराने पूर्वीच्या मानाने उरलेल्या थोड्या होड्या मला दाखवल्या आणि किनाऱ्यावरची बरीच घरे आता सुटीपुरती उघडतात, असे सांगितले. त्या गावापुढे आज मोठमोठ्या दगडांचा बांध घातलेला आहे.